कागदावरचा गुरुवार, नावातला बुधवार

मागच्या पावसाळ्यात खर्डीला घरी गेलो होतो, तेव्हा आजोबांचा एक ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. त्यांच्या ओळखपत्रावर जन्मतारीख आहे ०१/०१/१९४२. आमच्या आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीचाच आहे. कार्ड काढायच्या वेळी ज्यांच्याकडे दाखला नव्हता, त्यांचं वय अंदाजाने विचारलं गेलं, त्यावरून साल काढलं गेलं आणि दिवस-महिन्याच्या रकान्यात एक-एक टाकून काम संपलं.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. तारीख दिसली की उगाच काहीतरी करून बघायची खोड आहे. लॅपटॉपवर तीन ओळी लिहिल्या आणि १ जानेवारी १९४२ला कोणता वार होता ते काढलं. उत्तर आलं, गुरुवार.

"आजोबा, तुम्ही गुरुवारचे."

"गुरुवार कसा? मी बुधवारचा. लावणीच्या दिवसांतला. नाव काय उगाच पडलं?"

आजोबांच्या नावात बुधवार आहे. आमच्या भागात हे नवीन नाही. शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही पाड्यावर किंवा गावात जुन्या माणसांची नावं ऐका. सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्री. कागद नव्हता, पंचांग बघणारा भटजी दारात नव्हता, पण मूल कुठल्या वारी झालं हे घराला माहीत होतं. तोच त्या मुलाचा जन्मदाखला.

म्हणजे एका माणसाच्या जन्माच्या दोन नोंदी आहेत. एक सरकारी आहे आणि ती चूक आहे, कारण तिचा वार जुळत नाही. जानेवारीत लावणीही नसते. दुसरी नोंद नावात आहे. ती अर्धवट आहे, पण खरी आहे.

त्याच आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. आठवड्याचे वार वेदांनी दिले, गोऱ्यांनी ते आपल्याकडून उचलले, म्हणून तर त्यांचाही 'संडे' सूर्याचा आणि 'मंडे' चंद्राचा. खाली हात जोडलेले सोळा इमोजी. एरवी मी असले मेसेज न वाचता पुढे सरकतो. पण आता प्रश्न आजोबांच्या नावाचा होता. हा बुधवार आला कुठून?

*

उत्तराचा एक तुकडा घरापासून फार लांब नाही. शहापूर, किन्हवली करत मुरबाडला जायचं आणि तिथून वैशाखऱ्याला. तिथून नाणेघाटाची वाट सुरू होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो ट्रेक केला असेल, वरच्या गुहेत बसून डबा खाल्ला असेल. त्या गुहेच्या भिंतींवर सातवाहनांचा मोठा शिलालेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राणी नागनिकेच्या घराण्याने केलेले यज्ञ आणि त्यात दिलेल्या गाई-कार्षापणांचा हिशेब त्यात आहे. सुरुवातीला देवांना वंदन आहे. त्यात धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव आहेत, चंद्र-सूर्य आहेत, यम-वरुण-कुबेरादी चार लोकपाल आहेत.

चंद्र-सूर्य आहेत, पण मंगळ, बुध, शनी नाहीत.

सातवाहन तारीख कशी लिहायचे ते बघायला आमच्याच रेल्वे लायनीवर कसारा घाट चढून नाशिकला जावं. पांडवलेण्यांत पुळुमावी राजाचा एक लेख आहे. त्याची तारीख अशी आहे : वर्ष १९, उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस १३. त्या काळातले इकडचे कितीतरी लेख असेच आहेत. राजाचं वर्ष, ऋतू, पक्ष, दिवस. नहपानाच्या जावयाच्या लेखात वर्ष ४२ आणि वैशाख महिना येतो. पण वार कुठेच नाही.

त्याच्याही मागे गेलं तर अशोकाच्या लेखांत तिष्य नक्षत्राचा दिवस येतो, उपोसथ येतो. वेदांग ज्योतिषात तिथी आणि नक्षत्रं आहेत. यज्ञात सहा दिवसांचा 'षडह' आहे. सोमवार-मंगळवार मात्र नाहीत. ज्या व्यापाऱ्यांनी नाणेघाटातून बैलांवर माल चढवला, त्यांना आज कोणता वार असं विचारलं असतं, तर प्रश्नच कळला नसता.

*

आता जरा वारांच्या क्रमाकडे बघा. रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. लहानपणी पाठ केलेला क्रम, म्हणून आपण कधी त्याला प्रश्न विचारत नाही. पण हा क्रम कशाचा आहे? अंतराचा नाही, तेजाचा नाही, आकाराचा नाही. चंद्रानंतर मंगळ कशासाठी?

याचं उत्तर कुठल्याही प्रोग्रामरला आवडेल असं आहे. जुन्या काळी आकाशातल्या सात फिरत्या ज्योती त्यांच्या वेगाप्रमाणे लावल्या गेल्या. सगळ्यांत सावकाश शनी, त्याला फेरीला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. मग गुरू, साधारण बारा वर्षं. मग मंगळ, सूर्य, शुक्र, बुध आणि सगळ्यांत घाईत चंद्र, सत्तावीस दिवसांच्या थोडं वर. हा झाला क्रम : शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र.

मग दिवसाचे चोवीस तास केले आणि प्रत्येक तासाला या क्रमाने एकेक मालक दिला. सातजण संपले की पुन्हा पहिल्यापासून. दिवसाच्या पहिल्या तासाचा जो मालक, तोच त्या दिवसाचा मालक.

समजा पहिला तास शनीचा. मग आठवा, पंधरावा आणि बाविसावा तासही शनीचा. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. पंचविसावा तास म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला. तो सूर्याचा. शनिवारनंतर रविवार. चोवीसला सातने भागलं की बाकी तीन उरते. म्हणून रोज यादीत तीन घरं पुढे जायचं. सूर्यापासून तीन घरं पुढे चंद्र. चंद्रापासून तीन घरं पुढे, शनी, गुरू, मंगळ. तिथून पुढे बुध, गुरू, शुक्र आणि परत शनी. कागदावर करून बघा, दोन मिनिटांत सगळा आठवडा हातात येतो.

म्हणजे आठवड्याचा क्रम हा दुसऱ्याच एका क्रमाचं आउटपुट आहे. आणि ते आउटपुट मिळायला दिवसाचे चोवीस भाग असावेच लागतात. साठ घटकांच्या हिशेबाने रोज एकेका घटकेला मालक दिला, तर साठला सातने भागून बाकी चार उरते आणि वेगळाच आठवडा तयार होतो. आपल्याकडची जुनी मोजणी घटकांची होती, साठ घटकांचा दिवस. चोवीस तासांचा दिवस ही इजिप्तमधली सवय. ग्रहांच्या चालीची काटेकोर नोंद बाबिलोनच्या लोकांची. ग्रहांना असं एकावर एक रचणं ग्रीकांचं. सात दिवसांचं चक्र ज्यूंकडे स्वतंत्रपणे होतंच. हे सगळं इसवी सनाच्या आगेमागे भूमध्य समुद्राच्या काठी एकत्र आलं. ज्वालामुखीखाली इ.स. ७९मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या भिंतीवर सात ग्रहदेवांच्या दिवसांची यादी खरडलेली सापडली आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिणारा रोमन इतिहासकार कॅसियस डिओ तासांचा हाच हिशेब देतो आणि ही पद्धत इजिप्तची असल्याचं सांगतो.

*

मग ती आपल्याकडे कशी आली?

त्या काळी भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरं भूमध्य समुद्राकडच्या व्यापाराला जोडलेली होती. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण दोन्ही येतात. कार्ल्याच्या चैत्यातले कितीतरी खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवन दाते आहेत, नाशिकच्या पांडवलेण्यांत एक पूर्ण लेणं यवनाने खोदवलेलं आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा ग्रीकांच्या जगातून आलेले लोक. आज आपण ज्या घाटांतून लोकलने आणि बाईकने जातो, त्या घाटांच्या दोन्ही बाजूंना त्यांची वस्ती आणि ये-जा होती.

त्यांच्या जगातलं फलज्योतिषही पश्चिम भारतात संस्कृतमध्ये उतरलं. स्फुजिध्वजाच्या ग्रंथाचं नावच 'यवनजातक' आहे. आपल्या पंचांगात आणि कुंडलीत आजही ग्रीक शब्द आहेत. 'होरा' म्हणजे ग्रीक 'होरा', तास. इंग्रजी 'अवर' त्याच घरातला. 'केंद्र' म्हणजे 'केंत्रॉन'. वराहमिहिराने सहाव्या शतकात राशींची क्रिय, तावुरी, जूक अशी नावं दिली आहेत. ती ग्रीक नावांचीच संस्कृत रूपं आहेत. तो हेही नोंदवतो की काहींच्या मते 'अहोरात्र' शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरं गाळून 'होरा' तयार झाला. म्हणजे आमच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डमधली ही एक ओळ दीड हजार वर्षं जुनी आहे. पण यवन म्लेच्छ असले तरी त्यांच्याकडे हे शास्त्र नीट आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो, असं मतही वराहमिहिरानेच उद्धृत केलं आहे. त्याला उसनवारीची लाज नव्हती.

आर्यभटाने ४९९च्या सुमाराचा हिशेब मांडलेल्या 'आर्यभटीया'त वारांचं सूत्र एका श्लोकात बसवलं. शनीपासून वेगाच्या क्रमाने सात होरेश, आणि त्यातला दर चौथा हा सूर्योदयापासून दिवसाचा स्वामी. आपण वर केलेला हिशेब तो हाच. (सुरुवातीचं घर धरून मोजलं की चौथा, सोडून मोजलं की तिसरा. मोजणी शून्यापासून की एकापासून, हा घोळ तेव्हाही होता.)

आणि भारतातल्या कोरीव लेखांत वार पहिल्यांदा निश्चित तारखेसह कुठे दिसतो? मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण इथे बुधगुप्ताच्या काळातला एक स्तंभ आहे. गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, 'सुरगुरूचा दिवस'. सुरगुरू म्हणजे बृहस्पती, म्हणून गुरुवार. ही तारीख येते २१ जून ४८४. नाशिकच्या त्या 'उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा'नंतर साडेतीनशे वर्षं गेली होती.

*

एरणच्या या तारखेमागे एका कोकणी माणसाची मेहनत आहे आणि ती सांगायलाच हवी. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८). पेशाने शिक्षक. जे. एफ. फ्लीट हा इंग्रज अधिकारी गुप्तकालीन लेखांचा ग्रंथ तयार करत होता, तो १८८८मध्ये आला. गुप्त शक नेमका कधी सुरू झाला याबद्दल तेव्हा वाद होता. लेखांतल्या तारखांचं गणित फ्लीटसाठी दीक्षितांनी केलं. त्यात एरणचा गुरुवार फार उपयोगाचा ठरला.

याचं कारण मला माझ्या कामामुळे पटकन कळलं. नुसती तिथी कुठल्याही वर्षात येते. पण तिथीसोबत वार असेल, तर शक चुकीच्या वर्षी सुरू झाला असं धरल्यावर वार बहुतेक वेळा जुळतच नाही. आम्ही डेटा पाठवताना शेवटी एक जास्तीचा आकडा जोडतो, वाटेत काही बिघडलं तर तो आकडा चुगली करतो. त्याला चेकसम म्हणतात. वार हा तारखेचा चेकसम आहे. मी आजोबांच्या कार्डावरची चूक पकडली ती अशीच, आणि ती पकडताना मी नकळत दीक्षितांच्याच मागे चाललो होतो.

दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' १८९६मध्ये मराठीत आला. वेदांत वार नाहीत, 'होरा' शब्द आपला नाही, वारांची व्यवस्था बाहेरून आली, हे त्यांनी त्यात मांडलं. लक्षात घ्या, हा माणूस आपल्या ज्योतिषाचा अभिमानी होता. आपलं जे आहे ते आपलं, असं तो युरोपियनांना ठणकावून सांगत होता. म्हणूनच जे आपलं नाही ते नाही म्हणायला तो कचरला नाही. आमच्या ग्रुपवर मी फॉरवर्डला उत्तर म्हणून एवढंच टाकलं की हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी मास्तरांनी तपासून ठेवलंय. काकांनी अंगठा दाखवला. मेसेज मात्र डिलीट केला नाही.

*

पण 'बाहेरून आले' एवढ्यावर थांबलं तर गोष्ट अर्धीच राहते, कारण वार कुठेच स्वस्थ बसले नाहीत. रोमनांकडून ते उत्तरेकडच्या जर्मन टोळ्यांकडे गेले, तेव्हा त्यांनी खुर्च्या तशाच ठेवून आपले देव बसवले. मंगळाच्या जागी तीव, म्हणून 'ट्यूसडे'. बुधाच्या जागी वोडन, म्हणून 'वेन्सडे'. गुरूच्या जागी विजेचा देव थोर, म्हणून 'थर्सडे'. शुक्राच्या जागी फ्रिग, म्हणून 'फ्रायडे'. पुढे ते सगळे ख्रिस्ती झाले, जुने देव गेले, नावं राहिली.

चर्चला ही मूर्तिपूजकांची नावं खटकत होती. पोर्तुगीज भाषेत ती खरंच काढून टाकली गेली. तिथे सोमवारला 'सेगुंदा-फैरा', म्हणजे दुसरा दिवस, मंगळवारला तिसरा, असे नुसते आकडे आहेत. याच पोर्तुगिजांनी गोव्यावर १५१०पासून १९६१पर्यंत राज्य केलं. तरी गोव्यातला ख्रिस्ती माणूस कोकणीत बोलताना मिसेला जातो तो 'आयतारा'. आयतार म्हणजे आदित्यवार, सूर्याचा दिवस. गुरुवारला तो 'ब्रेस्तार' म्हणतो, त्यात बृहस्पती आहे.

आणि भारताने हे वार घेऊन पेटीत ठेवले नाहीत, पुढे दिले. आठव्या शतकात बौद्ध भिक्षू अमोघवज्राने चीनमध्ये ग्रह-नक्षत्रांचा ग्रंथ सांगितला, त्यात सात ग्रहांचे दिवस होते. तिथून ते जपानला गेले आणि आजही जपानी आठवडा सूर्य-चंद्र आणि पाच ग्रहांचाच आहे. थायलंडमध्ये बुधवारला 'वान फुत' म्हणतात. फुत म्हणजे बुध. आजोबांचं नाव तिकडे कॅलेंडरवर छापतात.

मराठीचं म्हणाल तर अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख बघा. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. शं. गो. तुळपुळ्यांनी तो सर्वांत जुना मराठी शिलालेख मानला. त्याच्या तारखेत 'सुक्रे' असा शब्द आहे. शुक्रवार. म्हणजे मराठी दगडावर लिहायला लागली तेव्हाच तिच्या तोंडी वार रुळलेले होते.

इथेही खुर्च्यांवर आपले देव बसले. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१मध्ये सूर्याचा दिवस सुटीचा ठरवला. त्यानंतर पंधरा शतकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी तोच दिवस मागितला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी तो मान्य केला. (तीन ओळींचा कोड सांगतो, त्या दिवशी मंगळवार होता.) ज्या रविवारी मी घरी येतो आणि मेगाब्लॉकमुळे आसनगावलाच ताटकळतो, तो या सगळ्यांच्या हातून आलेला आहे.

मधल्या काळात कॅलेंडरं बदलली. १५८२मध्ये पोपने दहा दिवस गाळले, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. पण ४ला गुरुवार होता आणि १५ला शुक्रवारच ठेवला. फ्रेंच क्रांतिकारकांनी दहा दिवसांचा आठवडा काढून बघितला, सोव्हिएत सरकारने पाच आणि सहा दिवसांचा. दोन्ही बुडाले. तारीख, शक, साल, राज्य सगळं बदललं, पण वारांची मोजणी मोडली नाही, कारण ती राजांच्या हाती नव्हती. ती बाजाराला जाणाऱ्यांच्या, उपास करणाऱ्यांच्या आणि बाळंतिणीजवळ बसलेल्या बायकांच्या तोंडी होती.

आजोबांची आई त्यातली एक. तिला ना बाबिलोन माहीत होतं, ना आर्यभट. इंग्रजी महिने तिला येत नव्हते, साल येत नव्हतं. लावणी चालू होती आणि त्या दिवशी बुधवार होता, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांना वार वेदांतले हवे आहेत, म्हणजे ते आपले ठरतील. मला वाटतं, वार आपले आहेत ते तिच्यामुळे. ज्याने मोजणी चुकू दिली नाही, त्याचे ते झाले.

मी आजोबांना विचारलं, साल काढायचा प्रयत्न करू का? १९३८ ते १९४५, लावणीचा महिना-दीड महिना, त्यातले सगळे बुधवार. यादी पन्नासच्या आतच राहील. एखादी आठवण मिळाली तर अजून कमी होईल.

ते म्हणाले, "काढून करतोस काय?"

"कार्ड दुरुस्त करू."

"त्याला दाखला मागतील. तो कुठून आणशील?"

फॉर्म तसाच भरला. ०१/०१/१९४२, सबमिट. लॅपटॉप मिटला तेव्हा ते बाहेर बघत होते. पाऊस लागला होता आणि रोपं तयार होती. "उद्या मजूर बघायला लागतील," म्हणाले. "वार काय आहे उद्या?"

मी मोबाइल काढायच्या आत त्यांनीच बोटांवर मोजून सांगितलं.